वाचलेला कर मार्गी लावा

आमच्या नोकरीच्या काळात फेब्रुवारीच्या पगाराचा सगळ्यांनाच धसका असायचा. वर्षभराचा राहिलेला इन्कम टॅक्स त्या एका पगारातून कापला जाई. पगारपत्रकं माझ्याच हातून जायची, त्यामुळे कुणाच्या हातात त्या महिन्याला किती पडणार हे मला आधी कळायचं. म्हणून दिवाळी झाली की लोक पोस्टाकडे धावायचे. एनएससी घ्यायचे, पीपीएफमध्ये भर टाकायचे, विम्याचा हप्ता भरायचे. कर वाचावा म्हणून बाजूला टाकलेल्या त्याच पैशांतून पुढे मुलांची शिक्षणं झाली, घराचं पहिलं बयाणं दिलं गेलं, म्हातारपणाची सोय झाली. बचतीची शिस्त आम्हाला बऱ्याच अंशी कायद्यानं लावली.

तुमच्या पिढीवरची ती सक्ती आता उठली आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात नवी करपद्धती आली, २०२३ पासून तीच मूळ पद्धत ठरली, आणि २०२५ मध्ये तिच्यात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. या पद्धतीत दर कमी आहेत, पण तुम्ही पैसे साठवता की उडवता याच्याशी कायद्याला काही देणंघेणं उरलेलं नाही. हातात जास्त पैसा येणं ही चांगलीच गोष्ट आहे. तो टिकवायचं काम मात्र आता सर्वस्वी तुमच्यावर आलंय. तुम्ही दोघं कमावते आहात, म्हणून चार गोष्टी नीट सांगून ठेवते.

बारा लाखांचा हिशेब आधी समजून घ्या

नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढच्या ४ लाखांना ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांना १० टक्के, असा दर ४ लाखांमागे ५ टक्के वाढत जातो, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के लागतो. मग १२ लाख करमुक्त कसे? १२ लाखांवर कर बसतो ६० हजार, आणि तेवढीच सवलत मिळून तो शून्य होतो. पगारदारांना आणि पेन्शनरांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट आधीच मिळते, म्हणून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगाराला कर लागत नाही.

१२ लाखांच्या थोडं वर गेलात तर घाबरू नका. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर साडेएकसष्ट हजार भरावे लागत नाहीत. वरचे जे १० हजार, तेवढाच कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. हा दिलासा साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत पुरतो. तेव्हा कर लागेल या भीतीनं पगारवाढ किंवा बोनस पुढे ढकलू नका.

शेअर बाजाराचं मात्र वेगळं आहे. समजा पगार ९ लाख आहे आणि वर्षाच्या आत शेअर विकून १ लाख नफा झाला. एकूण १२ लाखांच्या खालीच आहोत म्हणून निवांत राहू नका. त्या नफ्यावर २० टक्के वेगळा कर आहे, आणि नव्या पद्धतीतली ही सवलत त्याला लागू होत नाही. उपकर धरून २० हजार ८०० भरावेच लागतील. वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला साडेबारा टक्के कर आहे. शेअर विकण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

दरवर्षी दोन्ही पद्धती कागदावर मांडा

शेजाऱ्यानं नवी घेतली म्हणून आपण घेतली, असं करू नका. एप्रिलमध्ये कंपनी विचारेल तेव्हा कागद घ्या आणि दोन रकाने आखा.

एक उदाहरण करून दाखवते. पगार १८ लाख. नव्या पद्धतीत प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह कर येतो १ लाख ५० हजार ८००. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, दीड लाखाची बचत, २५ हजारांचा आरोग्य विमा आणि गृहकर्जाचं २ लाख व्याज एवढं सगळं दाखवलं, तरी कर येतो २ लाख ३३ हजार २२०. म्हणजे या घराला नवीच पद्धत ८२ हजारांनी बरी. जुनी परवडायची तर सगळ्या वजावटी मिळून सुमारे ६ लाख ९२ हजारांपर्यंत जायला हव्यात. ज्यांचं गावी गृहकर्जाचं घर आहे आणि जे मुंबईत जबर भाडं भरून राहतात, त्यांचं गणित तिथवर जाऊ शकतं. बहुतेकांचं जात नाही.

कंपनीला एप्रिलमध्ये जे सांगाल ते अखेरचं नसतं. पगारदाराला रिटर्न भरताना निवड बदलता येते, पण मुदतीच्या आत. मुदत टळली की जुनी पद्धत हातची गेली. ज्यांचा धंदा किंवा व्यवसाय आहे त्यांना मात्र दरवर्षी असं इकडून तिकडे जाता येत नाही. त्यांनी सीएला विचारूनच पाऊल उचलावं.

पहिल्याच तारखेला वाचलेला कर बाजूला काढा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. १२ लाख पगार असलेल्याला २०२४-२५ साली नव्या पद्धतीतही ७१,५०० रुपये कर भरावा लागत होता. पुढच्या वर्षी तो शून्य झाला. महिन्याला जवळपास ६ हजार हातात जास्त आले. आता आजूबाजूला विचारा, ते ६ हजार कुठे गेले? बहुतेक घरांत कुणाला सांगता येणार नाही. मोठ्या गाडीच्या हप्त्यात, नव्या फोनच्या हप्त्यात, बाहेरच्या जेवणात ते मिसळून गेले. बंधाऱ्याची फळी काढली आणि खाली पाट खणलेला नसला तर पाणी ओढ्यानंच जाणार.

तेव्हा पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन टाका. आधी घराच्या सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी उभी करा. मग महागडं कर्ज असेल तर ते फेडा. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून गुंतवणूक करण्यात काही अर्थ नाही. त्यानंतर लांबची बचत. नव्या पद्धतीत पीपीएफमध्ये भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही, पण त्याचं व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम अजूनही करमुक्त आहे. महिन्याला ६ हजार भरलेत आणि ७.१ टक्के दर टिकला तर १५ वर्षांत १० लाख ८० हजारांचे १८ लाखांच्या वर होतात. पैसे ५ तारखेच्या आत भरा, म्हणजे त्या महिन्याचं व्याज बुडत नाही. मुलगी लहान असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं तिच्या दहाव्या वाढदिवसाआधी उघडा.

आणखी एक. कंपनी तुमच्या नावे एनपीएसमध्ये पैसे भरत असेल तर मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या पद्धतीतही वजा होते. कार्यालयात जाऊन ही सोय आहे का ते विचारा. फक्त तो पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो, हे ध्यानात असू द्या.

विमा करासाठी घेऊ नका आणि करासाठी मोडूही नका

मार्चमध्ये घाईनं सही केलेल्या कितीतरी पॉलिसी मी पाहिल्या. हप्ता मोठा आणि संरक्षण चिमूटभर. आता तेवढ्यासाठी पॉलिसी घ्यायचं कारणच संपलंय, ही या बदलातली सगळ्यात चांगली बाजू. कमावत्या माणसामागे घर उभं राहील एवढ्या रकमेचा साधा टर्म विमा घ्या आणि बाकीची बचत वेगळी करा.

पण वजावट नाही म्हणून आरोग्य विमा बंद करण्याची चूक करू नका. एका शस्त्रक्रियेत दहा वर्षांची बचत वाहून जाते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी शून्य झालाय. जुनी बचतीची पॉलिसी मोडायची असेल तर आधी पेड-अप केल्यास किती मिळतील हे लेखी विचारा, मगच ठरवा.

आईवडिलांचे कागद तुम्ही बघा

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पैसा बहुधा एफडीत असतो. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर बँक वर्षाला १ लाखापर्यंत टीडीएस कापत नाही. आधी ही मर्यादा ५० हजार होती. मात्र टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झालं असं नव्हे. ते उत्पन्नात धरावंच लागतं. वर्षाचा एकूण कर शून्य निघत असेल तर एप्रिलमध्येच बँकेत स्वयंघोषणेचा अर्ज द्या, आपण ज्याला १५-एच म्हणत आलो तो. कापला गेलेला कर रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही, आणि किती म्हातारे त्या कंटाळ्यानं आपले हक्काचे पैसे सोडून देतात.

जुन्या पद्धतीत ६० वर्षांवरच्यांना ३ लाख आणि ८० वर्षांवरच्यांना ५ लाखांची मूळ सूट आहे. नव्या पद्धतीत वयाचा फरक नाही, सगळ्यांना ४ लाख. तरीही बहुतेक पेन्शनरांना नवीच सोयीची पडते. त्यांचाही हिशेब एकदा मांडून बघा.

दोघांचे पैसे दोघांच्या नावावर

सूनबाई, हे खास तुझ्यासाठी. नवऱ्यानं आपल्या पगारातून तुझ्या नावे एफडी केली तर तिचं व्याज कायद्यानं त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्यापेक्षा ज्याच्या पगारावर कर जास्त लागतो त्याच्या पगारातून घरखर्च चालवा, आणि दुसऱ्याच्या पगारातून, त्याच्याच नावे, गुंतवणूक करा. हे पूर्ण कायदेशीर आहे. पण वर्षाला एकदा दोघांच्या नावे किती साठलं ते समोरासमोर बसून बघा. तुझ्या नावावर काही उरलंय की नाही, हे तुला माहीत असायलाच हवं.

आईवडिलांना दिलेल्या पैशावर कर नाही आणि त्याचं व्याज त्यांच्याच उत्पन्नात जातं. देताना भावंडांना सांगून द्या. नंतर वाटणीच्या वेळी नात्यांत कडवटपणा येतो, तो कराच्या बचतीपेक्षा फार महाग पडतो.

खोटी पावती घरात आणू नका

न दिलेलं भाडं, न दिलेली देणगी दाखवून परतावा मिळवून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. तुमचं व्याज, लाभांश, शेअरची विक्री, मोठे व्यवहार हे सगळं वार्षिक माहिती विवरणात आधीच नोंदलेलं असतं. चुकीची माहिती देऊन कर बुडवला तर त्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो, आणि तो भरायला पावती देणारा येत नाही.

कर शून्य असला तरी रिटर्न भरा

मूळ सुटीच्या वर उत्पन्न असेल तर रिटर्न भरणं बंधनकारक आहे, मग कर शून्य का निघेना. कर्ज मागताना, परदेशी जाताना हाच कागद मागतात. भरण्याआधी फॉर्म १६ आणि वार्षिक माहिती विवरण शेजारी ठेवून आकडे जुळवा. भरल्यावर ३० दिवसांत ऑनलाइन पडताळणी करा, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं होतं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा प्राप्तिकर कायदा आलाय. कलमांचे क्रमांक बदलले, आपलं ८०-सी आता १२३ झालं, पण दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून आहे तेवढीच आहे. क्रमांक पाठ करत बसू नका. या महिन्यात दोनच कामं करा. दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडा, आणि जो फरक निघेल त्याचा बारावा भाग दर महिन्याला बचतीत जाईल अशी सूचना बँकेत देऊन या. पुढे सरकारं बदलतील, टप्पे बदलतील, पण ही शिस्त एकदा घरात लागली की कुठल्याही कायद्यावर तुम्हाला अवलंबून राहावं लागणार नाही.