लिनक्स संगणकावरील अनावश्यक पॅकेजांचे निर्लेखन

जडसंग्रह नोंदवही पाहिल्यावाचून कार्यालयातील जुने सामान निर्लेखित करू नये, हा नियम सर्वपरिचित आहे. डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींवरील अनावश्यक पॅकेजे काढतानाही तो लागू पडतो.

या प्रणालींवर एखादे पॅकेज बसविले की त्याला लागणारी साहाय्यक पॅकेजे आपोआप बसविली जातात. मुख्य पॅकेज काढल्यावर ती बहुधा मागे उरतात. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, जुन्या आवृत्त्याही साचत जातात. डिस्कवरील 'बूट' हा विभाग स्वतंत्र व लहान असल्यास तो भरून जातो, नवे कर्नल बसत नाही आणि सुरक्षिततेच्या सुधारणा अडकून पडतात. त्यामुळे ही साफसफाई केवळ नीटनेटकेपणाची बाब नव्हे.

'एपीटी' हा पॅकेज-व्यवस्थापक प्रत्येक पॅकेज वापरकर्त्याने मागितलेले की आपोआप आलेले, याची नोंद ठेवतो. आपोआप आलेले आणि अन्य कोणत्याही पॅकेजास न लागणारे पॅकेज 'ऑटोरिमूव्ह' या आज्ञेने काढले जाते. मात्र ही आज्ञा नोंद पाहते, प्रत्यक्ष वापर पाहत नाही. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याने वेतनपत्रकाचा प्रोग्रॅम स्वतः तयार करून संगणकावर ठेवला आहे. एपीटीच्या नोंदीत तो नसतो. त्याला लागणारी लायब्ररी अनावश्यक ठरून निघून गेली, तर महिनाअखेरीस वेतनपत्रक अडते.

यासाठी पुढील क्रम पाळावा :

१. महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी.

२. ऑटोरिमूव्ह ही आज्ञा प्रथम 'सिम्युलेट' या पर्यायासह द्यावी. त्यामुळे काहीही न काढता केवळ यादी मिळते. ती पूर्ण वाचावी.

३. यादीतील जे पॅकेज हवे असेल, त्यापुढे 'एपीटी-मार्क मॅन्युअल' या आज्ञेने तशी नोंद करावी.

४. नंतरच ऑटोरिमूव्ह प्रत्यक्ष चालवावी. 'पर्ज' हा पर्याय जोडल्यास पॅकेजांच्या मांडणीच्या फायलीही जातात. त्या हव्या असल्यास तो जोडू नये.

५. बसवून झालेल्या पॅकेजांच्या उतरवून घेतलेल्या प्रती 'एपीटी क्लीन' या आज्ञेने काढाव्यात.

'बूट' विभागातील फायली हाताने पुसू नयेत. चालू कर्नल व त्याआधीचे एक कर्नल राखून ठेवावे. नव्या कर्नलने संगणक सुरू न झाल्यास जुने उपयोगी पडते. यादी वाचण्यास पाच मिनिटे लागतात. चुकून गेलेली लायब्ररी कोणती, हे शोधण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो.