रीसेट केलात? आधी वाय-फाय बंद करा

फायरवॉल रीसेट केला आणि आता त्याचं पान उघडत नाही, अशा फोनांपैकी बहुतेकांत फायरवॉल ठणठणीत असतो. घोळ असतो समोरच्या लॅपटॉपात.

कांजूरमार्ग पश्चिमेला, एलबीएस रोडलगतच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यातून असाच फोन आला. पासवर्ड ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला, म्हणून तिथल्या पोरानं टाचणी खुपसून फोर्टिगेट रीसेट केला होता. मालक म्हणाले, "सर, डबा गेला वाटतं. नवीन मागवू का?"

पोरगा १९२.१६८.१.९९ हा पत्ता टाकून टाकून थकला होता. पत्ता बरोबर, केबलही बरोबर पोर्टात. पण मधल्या काळात नेट हवं म्हणून लॅपटॉप डोंगलच्या वाय-फायवर, आणि डोंगलची रेंजही १९२.१६८.१ चीच! त्यात केबलच्या कार्डावर ऑफिसचा जुना, दहानं सुरू होणारा पत्ता हातानं भरलेला. मग लॅपटॉप ९९ ला शोधणार कुठे? डोंगलमध्ये. वाय-फाय बंद केलं, कार्ड ऑटोमॅटिकवर टाकलं. फायरवॉलनं स्वतःहून पत्ता दिला आणि पिंगला उत्तर आलं.

ब्राउझर आता 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवतो आणि लोक घाबरून टॅब बंद करतात. सर्टिफिकेट डब्यानं स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून ती ओरड. केबल थेट डब्यात असेल तर खुशाल पुढे जा. युजर ॲडमिन, पासवर्ड रिकामा. नव्या आवृत्त्या लगेच नवा पासवर्ड ठेवायला लावतात. सोफोसच्या फायरवॉलला पत्ता १७२.१६.१६.१६ आणि शेवटी पोर्ट ४४४४ लागतो, सोनिकवॉलला १९२.१६८.१६८.१६८. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तेव्हा सोबतची क्विक स्टार्टची घडी फेकू नका.

पिंग लागतो पण पान नाही, असं झालं तर कन्सोल केबल काढा. ती ऑफिसात नसतेच. मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. पुट्टीमध्ये स्पीड ९६००, फ्लो कंट्रोल बंद. फोर्टिगेटमध्ये त्या इंटरफेसच्या 'अलाउॲक्सेस' ओळीत एचटीटीपीएस आहे का ते बघा. एक खोच लक्षात ठेवा: 'सेट' म्हटलं की जुनी यादी पुसून नवी बसते. एचटीटीपीएस वाढवायला गेलात आणि एसएसएच, पिंग घालवून बसलात, असं होतं. नुसती भर घालायची तर 'अपेंड'.

खरी दमछाक बॅकअप चढवल्यावर होते. डबा रीस्टार्ट होतो आणि ९९ चं पान पुन्हा गायब! काही बिघडलेलं नसतं. जुना पत्ता परत आलेला असतो. लॅपटॉप जुन्या रेंजमध्ये न्या. तरीही दाद नाही? बॅकअपमध्ये ट्रस्टेड होस्ट ठरवलेले असतील तर इतर पत्त्यांना तो उत्तरच देत नाही. कदाचित ॲडमिनचा पोर्टही बदललेला असेल. दोन्ही गोष्टी कन्सोलवर दिसतात. बॅकअपची फाइल चढवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती असते. अर्थात फाइल पासवर्ड घालून ठेवली असेल तर वाचता येणार नाही, आणि तो पासवर्ड गेला तर फाइलही गेली.

या धावपळीत कुणीतरी म्हणतंच, "बाहेरून उघडून द्या ना, मी घरून बघतो." म्हणजे वॅन पोर्टावर मॅनेजमेंट चालू करायचं. देऊ नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये फोर्टिगेट बनवणाऱ्या फोर्टिनेटनं जाहीर केलेल्या त्रुटीत पासवर्डशिवाय ॲडमिनची कामं करता येत होती. त्याच वर्षी उपसलेल्या सुमारे १५ हजार फोर्टिगेटच्या सेटिंग्ज जानेवारी २०२५ मध्ये उघड्यावर टाकल्या गेल्या, काहींचे व्हीपीएन पासवर्ड साध्या अक्षरांत. घरूनच बघायचं असेल तर आधी व्हीपीएन लावा.

आणि डिस्क नसलेल्या छोट्या डब्यात लॉग मेमरीत असतात, ते रीस्टार्टबरोबर जातात. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इननं २०२२ पासून १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलेत, तेव्हा ते वेगळ्या मशीनवर पाठवायची सोय याच फेरीत करून टाका. नेटवाल्याचा स्टॅटिक आयपी, गेटवे आणि पीपीपीओईचा युजर-पासवर्ड कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. गाळ्यात त्या संध्याकाळी सगळं उभं राहिलं, पण नेट सुरू झालं नाही, कारण हे आकडे फक्त पुसल्या गेलेल्या डब्यातच होते.