रक्तदाबावरील औषधे आणि मनाची उदासी

उच्च रक्तदाबावरील औषधाचा मनावरही परिणाम होऊ शकतो, याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधले ते सर्पगंधा या भारतीय वनस्पतीने. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये या वनस्पतीच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले व त्याचा वापर जगभर सुरू झाला. रक्तदाब उतरला, परंतु काही रुग्ण खिन्न राहू लागल्याचे डॉक्टरांना आढळले. मेंदूतील सेरोटोनिनसारख्या संदेशवाहक द्रव्यांचा साठा या औषधाने घटतो. नैराश्याशी त्याचा संबंध कितपत, याविषयी पुढे मतभेद झाले. आज ते क्वचितच दिले जाते.

सध्याच्या औषधांपैकी बीटा-ब्लॉकर गटातील काही गोळ्यांमुळे थकवा, झोपमोड किंवा विचित्र स्वप्ने संभवतात; मात्र नैराश्याशी त्यांचा संबंध अलीकडील अभ्यासांत दिसून आलेला नाही. उदासीची कारणे अन्यही असतात.

तथापि, नवी गोळी सुरू झाल्यावर मनःस्थिती पालटल्यास तारखेची नोंद ठेवावी व डॉक्टरांना सांगावे. जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गोळी परस्पर बंद करू नये. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडीन अचानक थांबविल्यास रक्तदाब एकदम वाढून जिवाला धोका उद्भवू शकतो. औषध बदलता येते. ते डॉक्टरांनी बदलावे, ही गोष्ट शिक्षक व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचवावी.