शेवटीं शिक्षा होते, मग काय बिघडलें?

चित्रपटाचा विषय निघाला कीं पालक एक प्रश्न हटकून विचारतात. "चित्रपटांत मारामारी व खून दाखविले, तरी शेवटीं दुष्टाला शासन होतेंच; मग मुलांनीं तो पाहिला तर काय बिघडलें?" प्रश्न प्रामाणिक आहे, व त्याचें उत्तर केवळ डोळे वटारून देतां येत नाहीं. पूर्वीं चित्रपट पाहावयास तालुक्याच्या गांवीं जावें लागे. आतां तो मोबाईलमध्यें बसून शेताच्या बांधापर्यंत येतो, आणि तेथें मुलाशेजारीं वडील माणूस बहुधा नसतो.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा ह्यांनीं १९६१ सालीं बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला. हवेनें फुगविलेली, बुडाशीं जड असल्यामुळें पाडली तरी पुन्हा उभी राहणारी एक मोठी बाहुली त्यांनीं घेतली. एका प्रौढ मनुष्यानें मुलांदेखत तिला ठोसे मारले, लांकडी हातोडीनें बडविलें व लाथा घातल्या. मारतांना तो ठराविक शब्दही बोलत असे. पुढें त्या मुलांस चांगलीं खेळणीं दाखवून लगेच काढून घेण्यांत आलीं, आणि अशीं हिरमुसलेलीं मुलें त्या बाहुलीपाशीं सोडलीं. पुष्कळांनीं तेंच केलें. हातोडी तीच, शब्दही तेच!

१९६३ सालीं ९६ मुलें घेऊन हा प्रयोग पुन्हा झाला. ह्या वेळीं कांहीं मुलांस तो मनुष्य प्रत्यक्ष न दाखवितां त्याचा चित्रपट दाखविला. असें मारणें ज्यांनीं पाहिलेंच नव्हतें, त्यांच्या जवळजवळ दुप्पट मारकुटेपणा चित्रपट पाहणाऱ्या मुलांनीं केला.

आतां आपल्या प्रश्नाकडे येऊं. १९६५ सालीं बांडुरा ह्यांनीं चित्रपटाचा शेवट बदलून पाहिला. एका शेवटांत मारणाऱ्यास खाऊ व शाबासकी मिळे; दुसऱ्यांत त्याची खरडपट्टी निघून त्यास मार बसे; तिसऱ्यांत कांहींच होत नसे. ज्यांनीं शिक्षा पाहिली त्या मुलांनीं अनुकरण कमी केलें. येथवर पालकांचें म्हणणें खरें ठरतें. परंतु नंतर सर्वांस सांगितलें कीं, जें पाहिलें तें करून दाखवा, बक्षीस मिळेल. आणि तिन्ही गटांतील फरक नाहींसा झाला. शिक्षा पाहिलेल्या मुलांसही तें सर्व येत होतें! म्हणजे शिक्षेनें हात आवरला होता, पण शिकलेलें पुसलें गेलें नव्हतें. अडीच तास कोयता चालवावयाचा व शेवटच्या पांच मिनिटांत पोलीस आणावयाचे, हा हिशेब म्हणून बरोबर बसत नाहीं.

ह्यावरून एक चित्रपट पाहून कोणी खुनी होतो असें मात्र समजूं नये. ती बाहुली होती, तिला दुखत नव्हतें, आणि प्रयोग थोड्या वेळाचा होता. असे आक्षेप जाणत्यांनीं घेतलेलेच आहेत. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याने चित्रपटावर बोट दाखवूं नये, हेंही येथेंच सांगून ठेवितों.

शिवाय दुःख दाखविणारा प्रत्येक चित्रपट ह्या माळेंतला नव्हे. १९२५ सालीं कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर ह्यांनीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे ह्यांची. सावकाराच्या पायीं जमीन गमावून शेतकरी शहरांत गिरणीच्या कामावर जातो, एवढीच ती गोष्ट. तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम ह्यांनीं केलें होतें. देवदेवतांचे चमत्कार पाहावयास सरावलेल्या प्रेक्षकांस पडद्यावर आपलेंच शेत दिसलें.

नागराज मंजुळे ह्यांच्या 'फँड्री'मध्यें (२०१३) जब्याचें कुटुंब गांवादेखत डुकरें पकडतें, आणि गांव तमाशा पाहिल्याप्रमाणें हंसतो. शेवटीं जब्या चिडविणाऱ्याच्या दिशेनें दगड भिरकावितो, व तो दगड सरळ पडद्यांतून आपल्याकडे येतो. हीही हिंसाच आहे. पण ती पाहून दगड मारावा असें सहसा वाटत नाहीं. आपणही आतांपर्यंत बसून पाहणाऱ्यांतलेच होतों, हें ध्यानांत येऊन मान खालीं जाते. रडून मोकळें होण्याची सोय तो चित्रपट ठेवीत नाहीं. (पडद्यावरच्या दरिद्र्यासाठीं रडून बाहेर येतांच खऱ्या दरिद्र्याला झिडकारणारे आपण पाहतोंच.)

त्यांच्याच 'सैराट'ची (२०१६) गाणीं लागलीं म्हणजे लोक चित्रपटगृहांत उठून नाचले. शेवटीं जातीच्या अभिमानापायीं त्या जोडप्याचा खून होतो. परंतु कोयता कसा चालला हें दाखविलेलेंच नाहीं, म्हणून त्यांतून शिकण्याजोगें कसब कोणाच्या हातीं लागत नाहीं. आवाज बंद होतो. बाहेरून आलेलें तान्हें मूल आईबापांपाशीं जातें, आणि परततांना त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे जमिनीवर उमटतात.

उपदेशकांनीं तरुणांस घेऊन बसावें तें असा चित्रपट पाहून झाल्यावर लगेच, घरीं जाण्यापूर्वीं. कोण जिंकला असें विचारूं नये. मार कोणाला बसला, तेव्हां त्याच्या घरीं कोण होतें, आणि आपण कोणाच्या बाजूला बसून हें पाहिलें, एवढें विचारावें. उत्तर यावयास वेळ लागला तर लागूं द्यावा.