रेणूचे चित्र आणि अक्षरांचे रूपांतर

सुरतेहून मुंबईकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात सचिन स्थानक लागते. येथील औद्योगिक वसाहतीत कापड रंगविणाऱ्या गिरण्या आहेत, तसेच रंग व रसायने तयार करणारे कारखानेही आहेत. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरत परिसरात राहतात आणि अशा कामांवर जातात. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे या वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला व सहा कामगार प्राणास मुकले. पिंपात काय आहे आणि ते कशात मिसळू नये, हे जाणून घेणे आपल्या भागात केवळ परीक्षेपुरते नाही, हे यावरून ध्यानी यावे.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात आपण रेणूंची सूत्रे शिकतो. परंतु रेणू दिसतो कसा, हे सूत्रावरून कळत नाही. हल्ली संगणकाच्या पडद्यावर रेणूचे चित्र काढता येते व ते फिरवून सर्व बाजूंनी न्याहाळता येते. हे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. क्ष-किरणांसारख्या साधनांनी अणूंच्या जागा शोधून काढतात, त्या अंकांत लिहून ठेवतात आणि त्या अंकांवरून संगणक चित्र रेखाटतो. पाण्याच्या रेणूचेच उदाहरण घेऊ. ‘एक्स-वाय-झेड’ नावाच्या फाईलप्रकारात तो अवघ्या पाच ओळींत मावतो:

३
पाणी
ओ ०.००० ०.००० ०.०००
एच ०.९५७ ०.००० ०.०००
एच -०.२४० ०.९२७ ०.०००

पहिल्या ओळीत अणूंची संख्या आहे व दुसरीत नाव. पुढील प्रत्येक ओळीत अणूची खूण आणि त्याचे तीन निर्देशक आहेत. भूमितीत आलेखपत्रावर आपण दोन निर्देशक मांडतो. येथे तिसरा अधिक आहे, इतकेच. अंतरे अँगस्ट्रॉममध्ये दिली आहेत. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. ऑक्सिजनपासून प्रत्येक हायड्रोजन ०.९५७ अँगस्ट्रॉमवर असून त्यांच्यामधील कोन सुमारे १०४.५ अंशांचा आहे, हे त्रिकोणमिती जाणणाऱ्या विद्यार्थ्यास या अंकांवरूनच पडताळून पाहता येईल. प्रत्यक्ष फाईलमध्ये खुणा व अंक रोमन लिपीत लिहावे लागतात. ही फाईल जेमॉल किंवा अव्होगाड्रो या विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञावलीत उघडली की रेणू पडद्यावर उभा राहतो. रिवाजाप्रमाणे ऑक्सिजन तांबडा, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा व गंधक पिवळा दाखवितात. अणूंना खरोखर असे रंग असतात, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये.

या विद्येत आपल्या देशाचाही वाटा आहे. मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रथिनांच्या साखळीची कोणती वळणे संभवतात हे दाखविणारा आलेख प्रसिद्ध केला; तो आजही जगभर ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने वापरला जातो. प्रथिनांच्या रचना साठविणारी जागतिक पेढी १९७१ साली अमेरिकेत अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली. आता तेथील रचनांची संख्या दोन लाखांवर गेली आहे आणि कोणीही त्या विनामूल्य पाहू शकतो.

आता वरील पाच ओळी पुन्हा पाहा. कोणता अणू कोणाशी बांधलेला आहे, हे त्यांत कोठेही लिहिलेले नाही! पडद्यावर बंध दिसतात, कारण दोन अणू पुरेसे जवळ असले तर त्यांच्यात बंध असावा असा आज्ञावली अंदाज बांधते. ‘मोल’ नावाच्या दुसऱ्या फाईलप्रकारात बंध स्पष्ट लिहिलेले असतात. ‘स्माइल्स’ नावाच्या तिसऱ्या पद्धतीत सारा रेणू एका ओळीत अक्षरांनी लिहितात. तीत बंध समजतात, पण जागा नसतात. ओपन बाबेल नावाची आज्ञावली अशा शंभराहून अधिक प्रकारांत परस्पर रूपांतर करते. परंतु जे मुळात लिहिलेलेच नाही ते रूपांतर करणाऱ्यास अंदाजानेच भरावे लागते. आणि जे नव्या प्रकारात मावत नाही ते गळून पडते.

हीच गोष्ट आपल्या नेहमीच्या कागदपत्रांची आहे. पीडीएफ हा प्रकार १९९३ साली निघाला. पानावर कोणते अक्षर कोठे बसवावे, हे तो चोख सांगतो. पण कोणती ओळ कोणत्या परिच्छेदाची, कोणता आकडा तक्त्यातील कोणत्या रकान्याचा, हे त्यात लिहिलेले असेलच असे नाही. एक्स-वाय-झेड फाईलला अणूंच्या जागा ठाऊक असतात, त्यांचे नाते ठाऊक नसते. तद्वतच पीडीएफला अक्षरांच्या जागा ठाऊक असतात. म्हणून पीडीएफचे शब्दलेखनाच्या फाईलीत रूपांतर करताना तक्ते मोडतात व मराठीतील ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. पूर्वीच्या पुष्कळ फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की साऱ्या मजकुराचा निरर्थक रोमन घोळ होई. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिलेला आहे. दशमान पद्धतीत देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे, तर गुजराती ‘क’ चा २७०९. म्हणजे अंतर ३८४. ‘प’ पाहिला तरी २३४६ आणि २७३०, अंतर तेच. बहुतेक अक्षरांना हाच नियम लागू पडतो. म्हणून गुजराती लिपीतील ‘पाणी’ हा शब्द नुसत्या वजाबाकीने देवनागरीत येतो, आणि सुदैवाने अर्थही तोच राहतो. मात्र प्रत्येक शब्दाचे असे होत नाही. लिपी बदलणे म्हणजे भाषांतर करणे नव्हे.

रूपांतरातील चूक क्वचित जिवावरही बेतू शकेल. रसायनांसोबत सुरक्षा माहितीपत्रक देतात. ते बहुधा पीडीएफच्या रूपात असते. त्याचे रूपांतर करताना घातांक खाली उतरला तर १०⁵, म्हणजे एक लाख, याचे नुसते १०५ होतात. मायक्रोग्रॅममधील ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर जुन्या चिन्हांच्या फॉन्टातील असेल, तर तो फॉन्ट बदलताच त्याचे रोमन ‘एम’ होते, आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होऊन प्रमाण हजारपट चुकते. अक्षर तेवढे बदलले, असे म्हणून ही चूक सोडून देता येत नाही.

चित्रावरही आंधळा विश्वास ठेवू नये. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पडद्यावर पाहा: एक पिवळा गोळा व त्याला जोडलेले दोन पांढरे. पाण्याच्या चित्राशी त्याचे विलक्षण साम्य आहे. कोन तेवढा लहान, सुमारे ९२ अंशांचा. पण पाणी हे जीवन आहे, आणि हा वायू थोड्या अवकाशात माणसाचा जीव घेतो. सल्फाइड असलेल्या द्रव्यात आम्ल मिसळले की तो निर्माण होतो. त्याचा वास प्रथम कुजक्या अंड्यासारखा येतो. पण प्रमाण वाढले की घ्राणेंद्रिय बधिर होते व वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजणे घातक होय. चित्र आकार सांगते. गुणधर्म मात्र अभ्यासानेच कळतात.

तात्पर्य, विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी मनाशी बाळगाव्यात. रूपांतर कितीही चांगले झाले तरी मूळ प्रत जपून ठेवावी. रूपांतरित प्रतीतील आकडे, एकके व सूत्रे मुळाशी ताडून पाहावीत. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, म्हणजे पुढील पिढीला तो वाचता येईल. येत्या सुट्टीत वरील पाच ओळी स्वतः लिहून पाण्याचा रेणू पडद्यावर अवश्य पाहा. नंतर वडिलांच्या किंवा काकांच्या कामावर कोणती रसायने वापरतात ते त्यांना विचारा, आणि त्यांचे माहितीपत्रक आपल्या शास्त्राच्या शिक्षकांजवळ बसून वाचा. त्यातील एक ओळ जरी तुम्ही घरी मराठीत नीट समजावून सांगू शकलात, तरी तुमचे शिक्षण घराच्या उपयोगी पडले असे होईल.