अनेक पानी अर्ज : माहिती पुढे कशी न्यावी?

शिरूर व दौंड तालुक्यांतील आपले विद्यार्थी आता शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरतात. नाव, उत्पन्न, जातीचा दाखला ही माहिती अनेक पानांत विभागलेली असते. मात्र एचटीटीपी या नियमपद्धतीत सर्व्हर मागील विनंती लक्षात ठेवत नाही. मग जावातील अर्जात पहिल्या पानावरील नाव शेवटच्या पानापर्यंत पोहोचते कसे?

यासाठी आम्ही येथे दोन मार्ग पाहू. पहिला ‘हिडन फील्ड’चा : आधीची माहिती पुढील पानात अदृश्य ठेवून पुन्हा पाठविणे. हा सोपा खरा. परंतु ब्राउझरमध्ये उत्पन्नाचा आकडा कोणीही बदलू शकतो. दुसरा ‘सेशन’चा : सर्व्हलेट ‘सेट-ॲट्रिब्यूट’ने माहिती सर्व्हरवरच ठेवते, ब्राउझरकडे केवळ ओळखक्रमांक जातो आणि पुढील पान ‘गेट-ॲट्रिब्यूट’ने ती माहिती मिळविते.

तथापि, टॉमकॅट सर्व्हरवर वेगळी मुदत नेमली नसेल, तर ३० मिनिटे एकही विनंती न आल्यास सेशन संपते. दाखला आणण्यास गावी गेलेल्या मुलाने भरलेली माहिती अशाने पुसली जाते. म्हणून प्रत्येक पान सर्व्हरवर तपासून डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून जतन करावे, असे आम्ही सुचवितो. यंत्राच्या विस्मरणामुळे कोणाचेही शिक्षण अडू नये.