‘खाली आहे’ म्हणजे काय?

आमच्या आळंद भागात घरात मराठी, दवाखान्यात कन्नड आणि सोनोग्राफीच्या कागदावर इंग्रजी. या तिन्हींच्या मधल्या फटीत माझं दुसरं बाळंतपण सापडलं होतं.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, “मासु केळगे इदे.” ‘केळगे’ म्हणजे खाली, एवढं कळलं. ‘मासु’ म्हणजे काय, ते विचारायला लाजले आणि मान हलवून बाहेर आले. सासूबाई ऐकून खूश! “बाळ खाली आहे म्हणजे सुटका लवकर.” कागद कपाटात गेला.

खाली बाळ नव्हतं, वार होती. बाळाचं सगळं पोषण जिच्यातून होतं ती वार गर्भपिशवीच्या तोंडाशी आली होती. ‘32 व्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी’ असं त्याच कागदावर लिहिलं होतं, पण वाचलं कुणी?

पहिलं सिझर माहेरी झालेलं, म्हणून आठव्या महिन्यात औरादला आले. एका पहाटे जाग आली तर अंथरूण लालभडक. कळ एकही नाही. दुखत नाही म्हणजे फार काही नसेल, म्हणून आम्ही तासभर घालवला. जवळच्या दवाखान्यात नर्सबाई आतून तपासायला निघाल्या, तेवढ्यात डॉक्टरांनी फाइल उघडली आणि “हात लावू नका!” म्हणून ओरडले. वार तोंडाशी असताना बोटानं तपासलं तर रक्ताचा लोटच सुटू शकतो. 108 ची गाडी बोलावून बीदर गाठलं. सिझर झालं, रक्त चढवावं लागलं, बाळ बारा दिवस काचेच्या पेटीत राहिलं. आज दोघंही धडधाकट आहोत.

आता तुमच्यासाठी सांगते. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली, तर घाबरू नका. बहुतेकींची पुढं आपोआप वर जाते. वार स्वतः सरकत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भपिशवीचा खालचा भाग वाढतो, ताणतो, आणि वार तोंडापासून लांब जाते. उशा लावून किंवा काढे पिऊन ती वर चढत नाही. म्हणूनच 32 आठवड्यांची दुसरी सोनोग्राफी चुकवायची नाही. ती आतून केली तर अंतर नीट कळतं, आणि तिनं वारेला धक्का लागत नाही.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. वार कुठं चिकटली आहे? तोंडापासून किती अंतरावर आहे? आधीच्या सिझरच्या व्रणावर आहे का? पुन्हा कधी बघायचं? अंतर 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर वारेमुळे सिझर करावं लागत नाही. तोंडच झाकलं असेल तर सिझरच करावं लागतं. आधी सिझर झालेलीनं तिसरा प्रश्न विसरू नये, कारण वार त्या व्रणात रुतून बसली तर ती सुटत नाही आणि रक्तस्राव आवरणं अवघड होतं.

वार पुढच्या भिंतीला आहे असं लिहिलं असेल, तर तो दोष नाही. बाळाची हालचाल थोडी उशिरा जाणवते, इतकंच. त्यावरून मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या बायकांकडे लक्ष देऊ नका.

वार खाली असेल तर संबंध टाळावेत का आणि लांबचा प्रवास करावा का, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. अंगावरून थोडंसं गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी त्याच वेळी निघा. जिथं रक्त आणि सिझरची सोय आहे, तिथंच जा. आपल्याकडे बीदर आणि कलबुर्गीची सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. रक्तगट आधीच माहीत असू द्या, सोबत रक्त देणारा माणूस आणि फाइल घ्या. पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हेच सांगा: “वार खाली आहे, आतून तपासू नका.”

यंदा भावजयीला दिवस गेलेत. तिच्या सोनोग्राफीला मी बरोबर गेले. “मासु केळगे इदे,” हेच शब्द पुन्हा कानावर आले. या वेळी मी खुर्चीवरून उठले नाही. चारही प्रश्न विचारले आणि तिच्या ताई कार्डाच्या कोपऱ्यात पेनानं मराठीत लिहिलं: ‘वार खाली. 32 व्या आठवड्यात सोनोग्राफी.’ कन्नडात ताई म्हणजे आई. मराठीत तिची ताई मी.